दिलावरभाईंची फळी

गुरुवारची सकाळ होती आणि मी ऑफिसला निघायच्या गडबडीत होतो. एका पायात मोजा चढवला होता, दुसरा सापडत नव्हता. फोन वाजला. नंबर दिलावरभाईंचा, म्हणून मी नेहमीच्या थाटात, "काय ओ, आज कोंबड्याच्या आधी?" असं काहीतरी बोललो. पलीकडून भलताच आवाज हिंदीत बोलू लागला. त्यांच्या खोलीतला माणूस होता. पहाटे फजरच्या नमाजला उठवायला गेलो तर भाई उठलेच नाहीत, म्हणाला. अँब्युलन्स आली, तपासून गेले... "खलास, साहब." मी एका मोज्यावर तसाच पलंगावर बसून राहिलो. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? उद्या महिन्याचा पहिला शुक्रवार, इस्त्री माळ्यावरून काढून ठेवली पाहिजे. बातमी कानात शिरते, डोक्यात शिरायला वेळ लागतो, हे मी तोवर फक्त ऐकलं होतं.

त्याला आता आठ आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहावेत अशी रीत आहे, आणि दिलावरभाईंबद्दल चारच काय, चारशे लिहिता येतील. पण त्यात मी स्वतःला नामानिराळा ठेवला तर ते लिहिणं खोटं होईल. मी या माणसाशी खोटं बोललो. त्या खोट्यावर भरवसा ठेवून ते एक हिवाळा जास्त इथं कतारला, दोह्यात राहिले, नाहीतर घरी गेले असते. त्यांच्या पत्नीला, हाजराभाभींना, हे मी फोनवर सांगितलं आणि मगच लिहायला बसलो.

दिलावरभाई दापोलीच्या बाजूचे, खाडीकाठच्या एका गावातले. हाडाचे सुतार. कतारमध्ये सव्वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा आमच्या कंपनीत. अल थुमामामधल्या बंगल्यांच्या एका वसाहतीची देखभाल आमच्याकडं होती. मी ऑफिसात बसून तक्रारींच्या चिठ्ठ्या बनवायचो: अमुक बंगल्याचं दार घासतंय, तमुकच्या कपाटाची बिजागरी गेली. इंग्रजी चिठ्ठी त्यांना वाचता येत नसे, म्हणून सकाळी ते माझ्या टेबलापाशी उभे राहत आणि मी मराठीत वाचून दाखवत असे. कानावर पेन्सिल, शुक्रवारच्या इस्त्रीच्या सदऱ्यावरसुद्धा. लाकडाला बोटाच्या पेरानं टकटक केलं की जात सांगायचे. हल्लीच्या भुश्याच्या दाबलेल्या फर्निचरला त्यांच्याकडं एकच नाव होतं, "भुश्याची भाकरी". माझ्याशी ते बेताबेतानं मराठी बोलत, घरी फोन लागला की कोकणी सुरू व्हायची आणि आवाज एकदम वीस वर्षांनी तरुण व्हायचा.

एके दिवशी चौदा नंबरच्या बंगल्यातून चिठ्ठी आली, भिंतीवर स्नोबोर्ड टांगायला लाकडी खुंटाळं हवं. मी वाचलं आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघत बसलो. बर्फावर उभं राहून घसरायची फळी असते, हे मी मुलाकडून ऐकलं होतं. पण वाळवंटात ती कशाला? दिलावरभाई माप घेऊन आले आणि म्हणाले, "जगतापराव, नाव काय पण असू दे, काम भारी हाय. आत लाकूड, खाली प्लॅस्टिक, कडंला पोलादाची पट्टी. ज्यानं बनवली त्याचे हात बघायला पायजेत." त्या दिवसापासून स्नोबोर्ड हा शब्द संपला. आमच्यात ती 'फळी' झाली.

फळीचा मालक एरिक, नॉर्वेचा तरुण इंजिनियर. वर्षभरातच त्याचं कॉन्ट्रॅक्ट अचानक संपलं आणि दहा दिवसांत देश सोडायची वेळ आली. विमानाच्या सामानात फळी बसेना. विकायला मन होईना. खुंटाळं केलेला माणूस त्याला आठवला, आणि मधे बोलायला मी. त्याच्या गॅरेजमध्ये उभं राहून त्यानं आम्हाला फळीची निगा शिकवली. तळ कोरडा पडला की पांढरट होतो, म्हणून त्याला मेण पाजायचं. इस्त्री जेमतेम तापवायची, धूर आला तर चुकलं. मेणाची वडी इस्त्रीला टेकवून थेंबांची रांग फळीभर सोडायची, मग इस्त्री फिरवत राहायची, एका जागी क्षणभरही थांबायचं नाही. अर्धा तास निवू द्यायचं, प्लॅस्टिकच्या पट्टीनं जादा मेण खरवडायचं, ब्रश मारायचा. कडांना गंज चढला तर कानस आणि थेंबभर तेल. उन्हाळ्यासाठी मात्र वेगळा नियम, जाड थर द्यायचा आणि तसाच ठेवायचा. हिवाळा आला, मालक बर्फावर निघाला, की तेव्हा खरवडायचा. "इथं उन्हाळा दहा महिने असतो," मी म्हणालो. एरिक हसला. म्हणाला, मी येईन तेव्हा नेईन, नाहीतर कुणाला तरी पाठवीन. दिलावरभाईंनी छातीवर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "अमानत." मी एरिकला सांगितलं, ते नीट सांभाळतील. अमानत म्हणजे सांभाळणं एवढंच नव्हे, दुसऱ्याची वस्तू आहे तशी, किंबहुना आहे त्याहून बऱ्या अवस्थेत त्याच्या हातात परत देईपर्यंत माणूस मोकळा होत नाही, हे मलाही तेव्हा कुठं कळलं होतं!

इंडस्ट्रियल एरियातल्या त्यांच्या खोलीत चार पलंग आणि चार माणसांच्या पेट्या. तिथं पाच फुटी फळी कुठं मावणार? अशा रीतीनं ती ओल्ड एअरपोर्ट नावाच्या भागातल्या आमच्या फ्लॅटवर आली. सुनंदा, माझी बायको, दारातच म्हणाली, "हे काय नवीन? माणसं देव आणतात, तुम्ही फळी आणता." पण दिलावरभाईंना तिनं पाणी दिलं, मग चहा, मग जेवायला बसवलं. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी जुम्याची नमाज आटपून ते येऊ लागले. एरिकनं वर्षातून एकदा सांगितलेलं काम यांनी महिन्यावर आणलं. मी चेष्टा केली की म्हणायचे, "सुताराच्या हाताला सवय पायजे, नायतर हात इसरतो."

सुरुवातीला आम्ही घातलेले घोळ काही कमी नव्हते. पहिल्यांदा सुनंदाचीच इस्त्री वापरली. दुसऱ्या दिवशी माझ्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर मेणाचा नकाशा उमटला आणि घरात जे काही ऐकावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग फळीसाठी वेगळी इस्त्री आली. उन्हाळ्याचा जाड थर देऊन फळी बाल्कनीतल्या फडताळात ठेवली, तर जुलैत सगळं मेण वितळून खाली थारोळं झालं आणि त्यात मुंग्या चिकटल्या. तेव्हापासून फळी आमच्या रोहनच्या खोलीत, एसीमध्ये. रोहन शिकायला कॅनडाला गेला होता, खोली रिकामीच होती. एरिकनं दिलेल्या वड्या संपल्यावर दिलावरभाईंनी फर्निचरला लावायचं मधमाशांचं मेण आणलं. ते असं चिकट बसलं की महिन्याभरात फळीला खोलीतली सगळी धूळ आणि सुनंदाच्या लोकरीचे धागे लागले. ते काढताना आम्ही दोघं घामाघूम. पण सगळ्यात मोठा वाद त्या न खरवडायच्या थराचा. दिलावरभाईंना ते सहनच होत नसे. ओबडधोबड मेण फळीवर तसंच सोडायचं म्हणजे काम अर्धवट टाकल्यासारखं. "पॉलिश न पुसता दरवाजा दिला तर गिऱ्हाईक शिव्या घालंल," असं म्हणत ते उन्हाळ्यातही थर खरवडून काढत, आरशासारखा तळ करत, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा नवा थर. एरिकचं शास्त्र एकीकडं आणि दिलावरभाईंचा हात एकीकडं. मी हात चोळत बसायचो आणि खरवडलेल्या मेणाच्या पांढऱ्या साली वर्तमानपत्रात गोळा करायचो. तेच माझं काम.

त्या दुपारी कशा जायच्या ते आता आठवतं. गरम मेणाचा तो मंद वास, स्वयंपाकघरातून सुनंदाचं "झालं का तुमचं? जेवण निवतंय" आणि दिलावरभाईंचा तळहात उलट्या ठेवलेल्या फळीला खालून टेकलेला. तळावर इस्त्री फिरली की दुसऱ्या बाजूला कोमट लागलं पाहिजे, ही एरिकनं सांगितलेली खूण. ते डोळे मिटून हात टेकवायचे आणि म्हणायचे, "पोचलं." एकदा रोहन सुट्टीत आला होता, त्याला त्यांनी विचारलं, बर्फ पायाखाली कसा लागतो? रोहनला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच. "डिपेंड्स, अंकल. सम डेज लाइक शुगर, सम डेज लाइक ग्लास." मी सांगितलं, कधी साखरेसारखा, कधी काचेसारखा. ते फळीच्या तळावरून बोट फिरवत म्हणाले, "मग मेण दोन तऱ्हेचं पायजे."

एक गोष्ट मला हळूहळू कळली. हा माणूस बिनकामाचा कुणाच्या दारात उभा राहणारा नव्हता. ईदला बोलावलं तर येत, दहा मिनिटं बसत, उठत. सुनंदा म्हणायची, भाई, एरवीही या की जेवायला. "येईन की," म्हणायचे, आणि येत नसत. फळी होती म्हणून त्यांना आमच्या घरात कारण होतं. आणि रोहन गेल्यापासून आमच्या घरात तरी दुसरं कोण येत होतं? सुनंदा आणि मी, दोघं दोन फोन घेऊन बसलेले. महिन्याचा तो एक शुक्रवार आला की घरात वर्तमानपत्रं अंथरली जायची, मटण शिजायचं, कुणीतरी हसायचं. मी त्या दिवसाची वाट बघायचो. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं मी जे केलं ते त्यांच्या भल्यासाठी केलं असं माझ्या तोंडून निसटण्याची शक्यता आहे.

तीन वर्षांनी, ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी, ऑफिसच्या मेलवर एरिकचं पत्र आलं. चार ओळींचं. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आता बर्फावर उभं राहणं होणार नाही. फळी दिलावरनं स्वतःला ठेवून घ्यावी, नको असेल तर टाकून द्यावी. इतकी वर्षं सांभाळली याबद्दल त्याला माझ्याकडून फार फार आभार सांग. मी ते पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, सांगू म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी दिलावरभाई दारात उभे राहिले ते हातात घोड्याच्या केसांचा नवा ब्रश नाचवत. सूक वाकिफ बाजाराच्या मागच्या गल्लीत सापडला, नायलॉनच्या ब्रशाचा बाप आहे, बघाच आता, असं म्हणत त्यांनी बाह्या सरसावल्या. सुनंदा त्या वेळी कराडला तिच्या आईकडं गेलेली. मी एकटाच होतो. खिचडी टाकली होती. त्यांनी काम केलं, मी साली गोळा केल्या, आम्ही खिचडी खाल्ली... आणि मी बोललो नाही. पुढच्या महिन्यात सांगू, म्हटलं. पुढच्या महिन्यात वाटलं, आता सांगितलं तर विचारतील, महिनाभर का लपवलंत? असं ते भिजत घोंगडं राहिलं.

जानेवारीत हाजराभाभी पंधरा दिवसांसाठी आल्या. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर नवरा राबतो तो मुलूख बघायला पहिल्यांदा. ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला ठसठशीत बाई. आमच्या घरी जेवायला आल्या तेव्हा फळी बघून म्हणाल्या, "हीच का ती माझी सवत? दर शुक्रवारी हिचंच नाव असतंय फोनवर." दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं माझ्या गाडीतून सीलाइनला वाळूच्या टेकड्या बघायला गेलो. तिथं पोरंसोरं, गोरे, अरब, सगळेच भाड्याच्या फळ्यांवरून टेकडीवरून खाली घसरत होते, फळीला मेणबत्ती घासत होते. सुनंदानं गंमत म्हणून आपली फळी गुपचूप डिकीत टाकून आणली होती. तिला पत्राचं काहीच माहीत नव्हतं, बिचारीला वाटलं भाभींना मजा येईल. डिकी उघडली आणि दिलावरभाईंचा चेहराच उतरला. भाभी म्हणाल्या, "एकदा बसू दे ना मना. एकदाच. कोण बघतंय?" सुनंदानंही भर घातली, बसू द्या की हो भाई. त्यावर ते अगदी शांतपणे म्हणाले, "वहिनी, माझी असती तर मी सोता बसवून ढकलली असती हिला. माझी नाय ना." आणि डिकी बंद केली.

मी तिथंच उभा होतो. गाडीची किल्ली माझ्या हातात होती. एक वाक्य बोलायचं होतं, भाई, ती तुमचीच आहे, ऑक्टोबरपासून तुमचीच आहे. सगळ्यांसमोर तीन महिन्यांचं लपवलेलं कसं काढू, हा विचार मला त्या बाईच्या हौसेपेक्षा मोठा वाटला. भाभी मग पाण्याच्या बाटल्यांच्या पुठ्ठ्यावर बसल्या, दोन हात घसरल्या आणि रुतल्या. सगळे हसले. सगळ्यात जास्त दिलावरभाई हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीसुद्धा हसलो.

भाभी परत गेल्या आणि त्यानंतर दिलावरभाईंचं मन इथून उठलं. एप्रिलात इस्त्री तापत असताना म्हणाले, "आता बस झालं, जगतापराव. कंपनी इचारते, अजून वर्ष करायचं का जायाचं. मना जायाचं हाय. पण ही फळी तुमच्या गळ्यात टाकून मी जाणार नाय. त्याला लिवा, कदी येतो इचारा." मी म्हणालो, लिहितो. आठवड्याभरानं त्यांचा ऑफिसात फोन आला. मी कागदांच्या गठ्ठ्यात होतो, समोर साहेब उभा. "काय बोलला?" त्यांनी विचारलं. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात तसा मी बोलून गेलो, "येतोय म्हणाला. या हिवाळ्यात."

ते म्हणाले, "इन्शाल्ला. मग काढतो एक वर्ष." बस, एवढंच. ना त्रागा, ना हिशेब. मी फोन ठेवला आणि पुढच्या कागदावर सही केली. मला तेव्हा अपराधी वाटलं असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. अजून बारा शुक्रवार, असं वाटलं.

हिवाळा आला. दर महिन्याला ते विचारत, "काय खबर मालकाची?" चोराच्या मनात चांदणं, मला त्यांच्या आवाजात संशय ऐकू यायचा, पण तो तिथं नसे. सुट्टी मिळाली नाही म्हणतोय, मी सांगायचो. जानेवारी-फेब्रुवारीत नक्की. जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी ते आले तेव्हा जरा थकलेले दिसले. जिना चढून दम लागला होता, वय झालं म्हणाले, आणि सुनंदानं दिलेलं लिंबूपाणी उभ्यानंच प्यायले. त्या दिवशी त्यांनी मेण नेहमीपेक्षा जाड घातलं. निवल्यावर मी प्लॅस्टिकची पट्टी पुढं केली, तर त्यांनी हातानंच मागं सारली. "आज खरवडत नाय. त्यानं सांगितलेलं तसंच ठेवू. मालक आला की त्याच्यासमोर खरवडतो. त्याला दिसू दे, थर कसा बसलाय." शेपटाकडच्या टोकाला मेण निवलंय का बघायला त्यांनी अंगठा दाबला, तो जरा घाईचा झाला, ठसा उमटला. "र्‍हाऊ दे," म्हणाले. ती आमची शेवटची भेट.

दफन अबू हमूरच्या कब्रस्तानात झालं. मयत गावी पाठवायला कागदपत्रांचे चार-पाच दिवस लागले असते. मी भाभींना फोनवर विचारलं, त्या म्हणाल्या, "इतके दिस थंड्या पेटीत ठिवू नका त्यांना. माती द्या." मूठभर वाळू मीही टाकली. आमच्या बाजूला उभ्या असलेल्या त्यांच्या खोलीतल्या माणसानं मला सांगितलं, भाई म्हणायचे, फेब्रुवारीत मालक येतोय, मग मी चाललो. खोलीत त्यांची पेटी अर्धी भरून तयार होती.

चाळिसावं होईपर्यंत मी थांबलो. घरात माणसांची ये-जा असते, त्यात हे नको, असं स्वतःला समजावलं. यातही थोडी टाळाटाळ होतीच. मग एका दुपारी फोन लावला. सुनंदाला आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. ती रागावली नाही, ते जास्त लागलं. फक्त म्हणाली, "मी फळी डिकीत टाकली होती तेव्हासुद्धा तुम्हाला माहीत होतं?" आणि उठून आत गेली.

भाभींना मी पत्राचं सांगितलं, मग एप्रिलमधल्या फोनचं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. सगळं संपल्यावर त्यांनी पहिलं काय विचारावं? सुनंदानं विचारलं तेच. "आमी सीलाइनला गेलो होतो, तवा तुमाला म्हाईत होतं?"

"होतं."

"म्हंजे तवा फळी त्यांचीच होती."

"हो."

पलीकडं कुणाचा तरी कुकर वाजत होता. शिट्टी थांबल्यावर भाभी म्हणाल्या, "त्यांनी पडवीला नवा रंग द्यायला लावला होता. फेब्रुवारीत येतो बोलले. ते फळीसाठीच थांबले असं नाय, दुसरंही काय असंल, असं मी बोलले तर तुमाला बरं वाटंल, भाऊ. पण मना म्हाईत नाय. मी कसं बोलू?"

मी म्हणालो, बोलू नका. माफी मागायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. पंचावन्नाव्या वर्षी मी फोनवर एका विधवा बाईसमोर रडलो आणि तिला माझी समजूत काढायची वेळ येऊ नये म्हणून फोन दूर धरला. मग परत कानाला लावला. मी घाईघाईनं म्हणालो, फळी आता तुमची आहे, उद्याच कार्गोनं पाठवतो, पॅकिंग नीट करतो.

"नको," त्या म्हणाल्या. "पाठवू नका. तुमच्याकडं अमानत म्हणून र्‍हाऊ दे. माझी. इद्दत संपली की मी येतंय. पासपोर्ट संपलाय, नवा करायला टाकलाय. मना त्यांच्या कबरीवर जायाचं हाय. आनी तिच्यावर बसायचं हाय, तिकडं वाळूत. कुणी ढकला."

नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस त्या घराबाहेर पडायच्या नाहीत. ते संपतील तेव्हा जून अर्धा सरत आला असेल. मी म्हणालो, भाभी, त्या दिवसांत तिथली वाळू पाय ठेवू देत नाही. "असू दे गरमी," म्हणाल्या. "मेण खरवडू नका. मी आले की माझ्यासमोर खरवडा." हे माफ करणं होतं की शिक्षा, मला अजून कळलेलं नाही. लेख लिहू का, हेही त्याच फोनवर विचारलं. "लिवा," म्हणाल्या, "पण सगळं लिवा."

आम्हालाही या उन्हाळ्यात कायमचं कराडला जायचं होतं. सुनंदानं भांडीकुंडी कुणाला काय द्यायची ते ठरवून यादी फ्रिजवर लावली होती. आता ते पुढं गेलं. मी कंपनीला सांगितलं, अजून थोडे महिने. का, ते सांगितलं नाही. सुनंदानंही काही विचारलं नाही, यादी फ्रिजवरून काढली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली.

परवा पहिला शुक्रवार होता. रोहनच्या खोलीतून फळी काढली, जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली. इस्त्री माळ्यावरच राहू दिली. कडांवर गंजाचा एक ठिपका आला होता, तो कानशीनं घासला, थेंबभर तेल लावलं, फडक्यानं पुसलं. मेणाला हात लावला नाही. जाड, दुधाळ, ओबडधोबड थर आहे तसा आहे, आणि शेपटाकडं तो अंगठ्याचा ठसा. एसी बंद पडला तर काय, या धास्तीनं मी हल्ली दिवसातून तीनदा त्या खोलीत डोकावतो. दुपारी सुनंदानं हाक मारली, "झालं का? जेवण निवतंय." झालं, म्हणालो, आणि माझी नसलेली ती फळी उचलून भिंतीला टेकवून ठेवली.